नळीचे टोक कुठे आहे?

घरातले कोणी आयसीयूत दाखल असेल, तर काचेपलीकडून पाहताना एक गोष्ट हमखास नजरेत भरते. रुग्णाच्या मानेच्या बाजूला किंवा दंडावर पारदर्शक पट्टीखाली चिकटवलेली एक नळी असते. बाहेर तिला दोन-तीन रंगीत टोके असतात आणि प्रत्येक टोकाला सलाईन किंवा औषधाचा पंप जोडलेला असतो. मनगटावरच्या नेहमीच्या सलाईनच्या सुईपेक्षा हे प्रकरण वेगळे आहे. ही नळी मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा दंडातून आत शिरते आणि तिचे आतले टोक हृदयाच्या अगदी दाराशी, वरच्या महाशिरेत जाऊन थांबते. डॉक्टर तिला सेंट्रल लाईन म्हणतात. दंडातून घातली असेल तर पिक लाईन. रक्तदाब टिकवून धरणारी जहाल औषधे, केमोथेरपीची काही औषधे, तोंडाने काहीच घेता येत नसेल तेव्हा शिरेवाटे द्यायचे पोषण, हे सारे हातातल्या बारीक शिरेला सोसत नाही. ती सुजते, जळजळते, बंद पडते. महाशिरेत रक्ताचा ओघच इतका मोठा असतो की तिथे सोडलेले औषध क्षणात पातळ होऊन जाते.

आता हाच रुग्ण विलगीकरण कक्षात आहे असे समजा. क्षयाचा किंवा कोविडचा संसर्ग त्याच्याकडून इतरांना होऊ नये म्हणून, किंवा बोन मॅरो बदलल्यामुळे त्यालाच इतरांकडून संसर्ग होऊ नये म्हणून, त्याला एकटे ठेवले आहे. त्याला उचलून एक्स-रे विभागात नेता येत नाही. मग आत घातलेल्या नळीचे टोक नेमके कुठे पोहोचले, हे कळायचे कसे?

हा प्रश्न जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका तरुण जर्मन डॉक्टरला पडला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्याने स्वतःच्याच शिरेत नळी घालून, ती तशीच आत ठेवून, एक्स-रेची खोली गाठली होती. वेर्नर फोर्समान हे त्यांचे नाव. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची गोष्ट बहुतेक वेळा साहसकथा म्हणून सांगितली जाते, आणि अँजिओग्राफीचा पहिला अध्याय म्हणून. दोन्ही खरे आहे. पण त्यांना मुळात अँजिओग्राफी करायची नव्हती. त्यांना औषध हृदयापाशी पोहोचवायचे होते, म्हणजे आज आयसीयूत सेंट्रल लाईन जे काम करते तेच. गोष्टीचा हा भाग मागे पडला, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील वकील होते. पहिल्या महायुद्धात ते १९१६ मध्ये मारले गेले, तेव्हा वेर्नर जेमतेम बारा वर्षांचे होते. पुढे बर्लिनच्याच विद्यापीठात १९२२ पासून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९२९ मध्ये परीक्षा देऊन ते बर्लिनच्या ईशान्येला असलेल्या एबर्सवाल्डे या छोट्या गावी, आउगुस्टे व्हिक्टोरिया रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकायला रुजू झाले. शल्यविभागाचे प्रमुख होते डॉ. रिखार्ड श्नायडर.

त्या काळी एखाद्याचे हृदय थांबले, किंवा थांबायच्या बेतात असले, तर डॉक्टर छातीतून थेट हृदयात लांब सुई खुपसून औषध देत. डोळे मिटून नेम धरण्यासारखाच प्रकार तो. सुई हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीला लागली, फुप्फुसाला लागली, हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचले, तर उपायच जिवावर बेतायचा. हातातल्या शिरेत औषध द्यावे, तर कोलमडलेल्या रक्ताभिसरणात ते हृदयापर्यंत वेळेत पोहोचेलच याची खात्री नाही. फोर्समान यांना विद्यार्थिदशेत पाहिलेले एक चित्र आठवत होते. फ्रान्समध्ये शोव्हो आणि मारे या दोन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवून आतला दाब मोजला होता. घोडा उभाच्या उभा, आणि त्याला काहीही झालेले नाही. घोड्याला जमते ते माणसाला का जमू नये? आणि मानेऐवजी कोपराच्या खोबणीतली शीर का घेऊ नये? ती तर रक्त काढायला रोजच वापरतात.

त्यांनी ही कल्पना श्नायडर यांच्यापुढे मांडली. श्नायडर यांना कल्पना पटली, पण रुग्णावर करण्याची परवानगी त्यांनी दिली नाही. मग मी स्वतःवर करतो, म्हटल्यावर तर मुळीच नाही. यात श्नायडर यांना दोष देता येणार नाही. हृदयात परकी वस्तू शिरली की ते तिथल्या तिथे थांबेल, असा तेव्हा भल्याभल्यांचा समज होता. एका विधवेच्या मुलाला आपल्या रुग्णालयात असे मरू देणे कोणत्या वरिष्ठाला परवडेल?

पहिला प्रयत्न फोर्समान यांनी पेटर रोमाइस या सहकाऱ्याच्या मदतीने केला. नळी ३५ सेंटिमीटर आत गेली आणि रोमाइस यांचा धीर सुटला. फोर्समान यांना काहीही त्रास होत नव्हता, तरी प्रयोग तिथेच थांबला. तेव्हा फोर्समान यांनी ठरवले, पुढच्या वेळी डॉक्टर नकोच.

पण निर्जंतुक केलेली हत्यारे मिळवायची तर शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्यावाचून इलाज नव्हता. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. फोर्समान त्यांच्याशी रोज बोलू लागले, पुस्तके दाखवू लागले, आपली कल्पना समजावू लागले. डिट्झेन यांना ती इतकी पटली की हा प्रयोग माझ्यावर करा, असे त्या स्वतःहून म्हणाल्या. १९२९ च्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्यांनी हत्यारे काढून दिली. त्यात एक लांब, बारीक, लवचीक नळी होती. ती खरे तर मूत्रवाहिनीत घालायची, जाडीला जेमतेम सव्वा मिलिमीटर. फोर्समान यांनी डिट्झेन यांना टेबलावर झोपवले, हातपाय पट्ट्यांनी बांधले, कोपराला आयोडीन लावले. भूल चढायला थोडा वेळ लागतो, असे सांगून ते टेबलाच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथे त्यांनी आपल्याच डाव्या कोपराला भूल देऊन कातडी कापली, शीर उघडली आणि नळी आत सरकवायला सुरुवात केली. डिट्झेन यांच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. त्या संतापल्या. पण फोर्समान यांनी पट्ट्या सोडून, आता एक्स-रे विभागात कळवा, असे सांगितल्यावर त्या तशाच त्यांच्याबरोबर निघाल्या. हत्यारे, धीर आणि मदत या तिन्हींसाठी या प्रयोगाचे निम्मे श्रेय या बाईंचे आहे, आणि त्यांच्या वाट्याला काय आले, तर फसवणूक. आजच्या नियमांनी पाहिले तर हा प्रयोग सुरूच होऊ शकला नसता.

एक्स-रेची खोली तळघरात होती. हातात अर्धवट घातलेली नळी, बाहेर तिचे लोंबते टोक, अशा स्थितीत फोर्समान जिने उतरून गेले. एक्स-रेच्या पडद्यामागे ते उभे राहिले. पडद्यावरचे चित्र त्यांना स्वतःला दिसावे म्हणून समोर आरसा धरला गेला. नळी खांद्यापर्यंत आलेली दिसत होती. तेवढ्यात बातमी कळून रोमाइस धावत आले आणि नळी उपसून काढायला पुढे सरसावले. फोर्समान यांनी त्यांना लाथा मारून दूर ठेवले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. आरशात पाहत पाहत त्यांनी नळी पुढे सरकवली. शिरेत थोडी ऊब जाणवली. गळपट्टीच्या हाडामागून जाताना खोकल्याची उबळ आली. ६५ सेंटिमीटर आत गेल्यावर नळीचे टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दिसले. तिथे त्यांनी एक्स-रेची फिल्म काढून घेतली.

ही फिल्म महत्त्वाची का, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. शिरेतून नळी आत सरकवणारे ते पहिले नव्हते. त्यांचा लेख छापून आल्यावर बर्लिनचे एर्न्स्ट उंगर यांनी हरकत घेतली, की ब्लाइखर्योडर, लोएब आणि आपण मिळून माणसांच्या शिरांमध्ये अशा नळ्या घातल्याचे १९१२ मध्येच प्रसिद्ध केले आहे. ते खरेही होते. पण त्या नळ्यांची टोके कुठे पोहोचली होती, हे दाखवणारे चित्र त्यांच्याजवळ नव्हते. एकदा छातीत कळ आली, त्याअर्थी हृदयापर्यंत गेली असावी, एवढाच तर्क. फोर्समान यांनी नळी घातली एवढेच केले नाही, ती कुठे आहे ते दाखवले. शरीराच्या आत घातलेल्या वस्तूबद्दल अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा.

श्नायडर आधी भडकले, मग फिल्म पाहून त्यांचा राग निवळला. उपचारासाठी ही पद्धत वापरून पाहायला त्यांनी परवानगी दिली. त्यानंतर एक रुग्ण आली. पोटात सर्वत्र जंतुसंसर्ग पसरलेली, अखेरच्या अवस्थेतली एक महिला. प्रतिजैविकांचा काळ अजून यायचा होता, त्यामुळे असा रुग्ण वाचण्याची आशा फारशी नसेच. फोर्समान यांनी तिच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि त्या नळीतून ग्लुकोज, अ‍ॅड्रेनलिन आणि हृदयाला बळ देणारे स्ट्रोफँथिन हे औषध दिले. काही काळ तिची नाडी सुधारली. मग ती गेली. वैद्यकाच्या पुस्तकांत या महिलेचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो, पुष्कळदा येतही नाही. पण आज आयसीयूत सेप्सिसच्या रुग्णाला मानेतल्या नळीतून नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू असते, त्या उपचाराची सुरुवात इथे आहे. नळी हृदयापाशी, रक्तदाब वाढवणारे औषध पंपातून, आणि मूळ संसर्ग आटोक्यात येईपर्यंत वेळ काढणे. तिच्या बाबतीत संसर्ग आटोक्यात आणणारे औषधच अस्तित्वात नव्हते.

लेख ५ नोव्हेंबर १९२९ च्या ‘क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट’ या साप्ताहिकात आला. फोर्समान तेव्हा नुकतेच बर्लिनच्या प्रसिद्ध शारिते रुग्णालयात, फर्डिनांड झाउअरब्रुख यांच्या हाताखाली बिनपगारी दाखल झाले होते. झाउअरब्रुख म्हणजे त्या वेळचे जर्मन शल्यविद्येतले सम्राटच. वर्तमानपत्रांनी या प्रयोगाचा गाजावाजा केला, उंगर यांची तक्रार आली, आणि झाउअरब्रुख यांनी असली कामे सर्कशीत शोभतात, चांगल्या रुग्णालयात नाहीत, अशा अर्थाचे काहीतरी सुनावून त्यांना वाट दाखवली. फोर्समान एबर्सवाल्डेला परतले. तिथे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू ठेवले. नळीतून एक्स-रेत दिसणारे द्रव्य हृदयात सोडून चित्र काढता येते का, हे ते पाहत होते. कुत्री बर्लिनला आईच्या घरी ठेवायची, गुंगीचे इंजेक्शन द्यायचे आणि बटाट्याच्या पोत्यात घालून मोटरसायकलवरून रुग्णालयात न्यायची, अशी हकिकत सांगितली जाते. स्वतःच्या शिरांमधून त्यांनी एकूण नऊ वेळा नळी घातली.

पण या कामाला पुढे कोणी आधार दिला नाही. पोटापाण्यासाठी ते माइन्झला गेले. तिथे एल्स्बेट एंगेल या डॉक्टर भेटल्या, १९३३ मध्ये दोघांचे लग्न झाले, पुढे सहा मुले झाली. हृदय सोडून फोर्समान मूत्ररोगांकडे वळले. मूत्रवाहिनीची नळी हृदयात घालणारा माणूस पुन्हा मूत्रमार्गावरच येऊन पोहोचला.

१९३२ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि १९४५ पर्यंत राहिले. त्यांच्या चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्यासारखा नाही, आणि स्वतःच्या शरीरावर धाडस करणारा माणूस राजकारणातही धाडसी असतोच असे नाही. युद्धात ते लष्करी डॉक्टर होते, मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. शेवटी अमेरिकनांच्या हाती युद्धकैदी झाले. सुटल्यावर काही काळ डॉक्टरकीही करता येईना, तेव्हा त्यांनी जंगलात लाकूडतोडीचे काम केले. मग ब्लॅक फॉरेस्ट भागात पत्नीच्या बरोबरीने खेड्यातला दवाखाना चालवला. १९५० मध्ये बाट क्रॉइत्सनाख या गावी ते मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले.

इकडे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांनी फोर्समान यांचा जुना लेख वाचला होता. १९४० च्या सुमारास त्यांनी माणसाच्या हृदयात नळी घालून दाब आणि रक्तप्रवाह मोजायला सुरुवात केली. जखमी सैनिकांच्या शॉकचा अभ्यास, जन्मजात हृदयदोषांचे निदान, असा त्याचा उपयोग वाढत गेला. १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांसह फोर्समान यांना जाहीर झाले. एखाद्या खेड्यातल्या पाद्र्याला अचानक बिशप केल्याचे कळावे, तशी आपली अवस्था झाल्याचे ते तेव्हा म्हणाले. हृदयरोगाचे शास्त्र मधल्या वर्षांत इतके पुढे गेले होते, की त्यात पुन्हा शिरणे त्यांना शक्य नव्हते. १९५८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात ते शल्यविभागाचे प्रमुख झाले आणि १९७० मध्ये निवृत्त झाले. १९७२ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. १ जून १९७९ रोजी शॉप्फहाइम या गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

नोबेल मिळाले ते हृदयाच्या तपासणीसाठी. औषध पोहोचवण्याचा जो मूळ हेतू होता, तो मात्र दुसऱ्या वाटांनी पुढे सरकत होता. १९५२ मध्ये ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने गळपट्टीच्या हाडाखालची मोठी शीर सुईने गाठण्याची पद्धत सांगितली. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी कापाकापी टाळणारी एक सोपी युक्ती काढली. आधी सुई शिरेत, सुईतून बारीक तार आत, मग सुई बाहेर, आणि तारेवरून नळी आत. आज जगभर घातली जाणारी जवळपास प्रत्येक सेंट्रल लाईन अशीच जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅन्ली डुड्रिक यांनी अशा नळीतून संपूर्ण पोषण देऊन आधी कुत्र्याची पिल्ले आणि मग आजारी अर्भक वाढवून दाखवले.

अडचण एकच उरली होती. सुई अजूनही अंदाजानेच जात होती. मानेत मोठी शीर आणि मेंदूकडे जाणारी रोहिणी अगदी शेजारी-शेजारी असतात. डॉक्टर बोटाने रोहिणीचे ठोके चाचपायचे आणि तिच्या बाहेरच्या अंगाला सुई घालायचे. शिकलेल्या हाताला बहुतेक वेळा हे जमते. पण सगळ्यांच्या माना सारख्या नसतात. सुई रोहिणीत गेली तर रक्ताची गाठ होते, फुप्फुसाच्या टोकाला लागली तर हवा छातीत भरते. ल्युकेमियाच्या रुग्णात प्लेटलेट इतक्या कमी असतात की एक चुकीचा टोचाही महागात पडू शकतो.

फोर्समान यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, डॉप्लर यंत्राच्या आवाजावरून मानेतली शीर शोधण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये जपानी डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई प्रत्यक्ष पाहत पाहत शीर गाठल्याचे नोंदवले. २००२ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मानेतली सेंट्रल लाईन सोनोग्राफीच्या मदतीनेच घालावी, अशी शिफारस केली. पडद्यावर शीर आणि रोहिणी दोन काळ्या वर्तुळांसारख्या दिसतात. ओळखायचे कसे? यंत्राचा प्रोब हलकेच दाबायचा. शीर चपटी होते, रोहिणी होत नाही, ती ठोके देत राहते. सुईचे टोक चमकत्या ठिपक्यासारखे दिसते. ते काळ्या वर्तुळात शिरले, मागे रक्त आले, की तार पुढे. दंडातून पिक लाईन घालायची असेल तर शिरेची रुंदीही आधी पडद्यावर मोजतात. नळीने शिरेची निम्मीअधिक जागा अडवली तर रक्त साकळण्याचा धोका वाढतो, म्हणून शीर पुरेशी मोठी नसेल तर दुसरी शोधायची.

विलगीकरण कक्षात या पद्धतीचे मोल जास्त कळते. दोन-दोन हातमोजे चढवले की बोटांना ठोके नीट कळत नाहीत. चष्म्यावर वाफ धरते. श्वासाला त्रास होत असलेल्या रुग्णाला डोके खाली करून सपाट झोपवणे अवघड असते, कधी तो पालथा असतो. सामान विसरले तर पटकन बाहेर जाऊन आणता येत नाही. म्हणून आत जाण्याआधीच सगळे एका ट्रेमध्ये मोजून घेतात. निर्जंतुक चादर, नळीचा संच, जेल, प्रोबवर चढवायचे निर्जंतुक आवरण. एक जण आत, एक जण दाराबाहेर. सोनोग्राफीचे यंत्र हल्ली लॅपटॉपएवढे, काही तर मोबाइलला जोडता येईल इतके लहान असते. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत नेतात आणि काम झाल्यावर जंतुनाशकाने पुसून काढतात.

आपल्याकडे याला एक वेगळी बाजू आहे. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये कायदा केला. आता प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि हलवता येणारे यंत्र कुठेही नेता येत नाही. नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी ते वापरता येते. त्यामुळे आयसीयूला स्वतंत्र यंत्र हवे असेल, तर तेही नोंदवूनच घ्यावे लागते. या कायद्यामागचे कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते अजून संपलेले नाही.

राहिला टोकाचा प्रश्न. पूर्वी नळी घातली की छातीचा एक्स-रे ठरलेलाच. विलगीकरणात म्हणजे एक्स-रेचे अवजड यंत्र आणि तंत्रज्ञ दोघांनाही आत आणायचे, रुग्णाच्या पाठीखाली फिल्म सरकवायची, नंतर सगळे स्वच्छ करायचे. आता दोन उपाय पलंगाशीच होतात. पहिला ईसीजीचा. नळीतल्या तारेला किंवा सलाईनला ईसीजीची वायर जोडली, की नळीचे टोकच ईसीजी टिपू लागते. टोक हृदयाच्या जवळ येऊ लागले की आलेखातली पहिली छोटी लाट, पी लाट, उंच होत जाते. महाशीर आणि उजवा कप्पा यांच्या सीमेवर ती सर्वांत उंच असते. नळी आणखी पुढे कप्प्यात गेली की लाटेचा पहिला भाग उलटा, खाली जाऊ लागतो. म्हणजे थोडे मागे घ्यायचे. हृदयाचे ठोकेच अनियमित असतील तर मात्र ही लाट भरवशाची राहत नाही. दुसरा उपाय सोनोग्राफीचाच. हृदय पडद्यावर ठेवून नळीतून घुसळलेले सलाईन सोडायचे. त्यातले बुडबुडे एक-दोन सेकंदांत उजव्या कप्प्यात चमकले तर टोक जागेवर. उशिरा दिसले किंवा दिसलेच नाहीत, तर नळी भलत्याच शिरेत, कदाचित मानेत उलटी वर गेली आहे. त्याच प्रोबने छातीवर पाहून फुप्फुस नीट सरकते आहे का, म्हणजे हवा भरलेली नाही ना, हेही कळते. शंका राहिलीच तर एक्स-रे आहेच.

मग नळीवर छापलेल्या सेंटिमीटरच्या खुणांपैकी कातडीपाशी कोणता आकडा आहे, तो कागदावर लिहितात. पट्टीवर तारीख घालतात. दुसऱ्या दिवशी आकडा बदललेला दिसला तर नळी सरकली असे समजायचे. त्यानंतर रोज राउंडला एक प्रश्न असतो, ही नळी आजही लागते आहे का? कारण ती आत राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. नातेवाइकांनीही तो प्रश्न विचारायला काही हरकत नाही. गरज संपली की रुग्णाला सपाट झोपवून, श्वास रोखायला सांगून नळी हलकेच ओढून घेतात आणि ती जागा काही मिनिटे दाबून धरतात. बाहेर आलेली नळी पूर्ण आहे ना, हे मोजून पाहतात आणि मग ती टाकून देतात.